पत्रिकेचा पिवळा दोरा

दौलतगंजातल्या आमच्या मराठी वाचनालयात रविवारी सकाळी मी कपाटं आवरायला जातो. पंधरा वर्षांत कोणी घरी नेली नाहीत ती पुस्तकं रद्दीत काढायची, असं ठरलं आहे. गेल्या रविवारी खालच्या खणात ते पुस्तक हाताला लागलं आणि मी स्टुलावर बसून राहिलो.

लेखक खासगी बाजारातले एक मास्तर. आज त्यांना कोणी ओळखत नाही. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही पदरमोड करून छापली. एक बाई सोडून गेली म्हणून पानोपानी तिला शिव्याशाप. विशीत मला ते पुस्तक जवळजवळ पाठ होतं. परवा चाळताना लक्षात आलं, मास्तर तिच्याविषयी सगळं सांगतात. स्वतः काय केलं ते कुठंच सांगत नाहीत.

मीही तीस वर्षं तेच केलं.

मी जिला दोष देत आलो, ती बिर्लानगरला राहायची. वडील कापडगिरणीत होते. आमची ओळख याच वाचनालयातली. आधी पुस्तकांवरून भांडलो, मग भांडणासाठीच भेटू लागलो. तिनं घरी सांगितलं आणि तिच्या वडिलांनी रीतसर पत्रिका पाठवली. कागदाची गुंडाळी, हळदीच्या दोऱ्यानं बांधलेली. आईनं ती देवाच्या फडताळात ठेवली आणि आठ दिवसांनी माझ्या हातात दिली.

"देऊन ये. जुळत नाही म्हणावं."

"पण आई, तू उघडलीस कुठं?"

"गिरणीतल्या माणसाची मुलगी. उघडून काय बघायचं? आपल्या घराण्यानं दरबारात कारकुनी केलीय. आणि हे बघ, नाही म्हटलं की माणूस दुखावतो. जुळत नाही म्हटलं की ग्रहांवर जातं."

मी सायकल काढली आणि गेलो. तिच्या वडिलांनी गुंडाळी दोन्ही हातांनी घेतली. "ग्रहांपुढं आपलं काय चालणार? या, चहा घेऊन जा." मी उंबऱ्यावरूनच परतलो.

चार महिन्यांनी तिचं इंदूरला ठरलं, आणि रागावलं कोण, तर मी! मास्तरांचं पुस्तक घरी नेलं, बाईला बेइमान म्हटलेल्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि ते तिच्या हातात ठेवलं. पुढच्या रविवारी तिनं ते परस्पर वाचनालयात परत केलं. मी पुन्हा उघडलं नाही. पुढं लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, एकीनं मला अर्ध्यावर सोडलं. बायकोला माझी दया आली. तेव्हापासून इंदूरचा विषय निघाला की ती हळूच बोलणं बदलते.

परवा पुस्तक उघडलं. माझ्या पहिल्याच रेघेखाली तिचं बारीक, सरळ अक्षर होतं:

"दोरा मी बांधला होता. गाठ माझीच होती, तशीच परत आली. बाबांना सांगितलं नाही. ते अजून ग्रहांना दोष देतात."

बाकी सगळं पुस्तक कोरं. माझ्या रेघा तेवढ्या शेवटपर्यंत गेलेल्या.

"काय साहेब, वाचून राहिले का?" ग्रंथपालकाका टेबलावरून ओरडले. "असं एक-एक वाचाल तर कपाट अगल्या दिवाळीला होईल. टाका त्या ढिगात."

"हे मी घरी नेतो. माझ्या नंबरावर लिहा."

"हे?" काकांनी पानं फडफडवली. "कोणत्या गाढवानं रेघा ओढल्यात? खोडरबर देऊ? मिटवून टाका."

"नको," मी म्हणालो. "गाढव मीच."

काका हसले. त्यांना विनोद वाटला.

घरी बायको मेथी निवडत होती. मी ते पान उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि पत्रिकेचं सगळं सांगितलं. सांगताना दोनदा आईला मध्ये आणलं, दोनदा थांबलो. सायकल मीच चालवली होती. बायकोनं हात पुसले, पान वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"तिच्या वडिलांनी चहा विचारला असेल ना?"

"विचारला होता."

"घेतलात?"

"नाही."

तिनं पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं माझ्याकडं सरकवलं आणि मेथीची जुडी पुढं ओढली. नेहमीसारखा तिनं विषय बदलला नाही. मीही उठलो नाही.