सातव्या बहिणीवरचा कागद

मी कॉलेजात होते तेव्हा अख्खा गोवा भाषेवरून भांडत होता. राजभाषा कोकणी की मराठी, घटक राज्य मिळालं तर कुणाचं, यावर आमच्या शिरगावच्या बसमध्ये रोज तोंडातोंडी चालायची. आमचे बाबा मराठीवाले. सकाळी पेपर उघडून मराठीची बाजू मोठ्याने वाचायचे आणि मध्येच पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की बाहेर जाऊन त्याच्याशी उंड्या पावांवरून चांगले कोकणीत हुज्जत घालायचे. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि ते सांगायची आमची छाती नव्हती.

कॉलेज म्हापशाला, मुलींचं, सिस्टर लोकांचं. वर्षाच्या शेवटी तिथे आमच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. त्या वर्षी मी सात बहिणी काढल्या. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की आमची देवी लईराई ही सात बहिणींतली एक. त्यांतल्या सहा देवळांत बसल्या आणि एक म्हापशाच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. ती मेरीमाता, तिला किरिस्तांव मिलाग्र सायबीण म्हणतात, आम्ही मिराबाय म्हणतो. तिच्या फेस्ताच्या जत्रेला आई दरवर्षी तेल घेऊन जायची, नणंदेकडे जावं तशी, हक्काने आणि जरा नटून.

माझ्या चित्रात सातही जणी अंगणात बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. सहा जणी लुगड्यात. सातवीने निळा झगा घातलेला, डोक्यावर ओढणी, आणि कुणीतरी काहीतरी चावट बोललंय म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसतेय. ते हसू मला कसं जमलं देव जाणे. तसं पुन्हा कधी जमलं नाही.

आता चित्राखाली नाव लिहायचं. ‘बहिणी’ लिहिलं तर निम्मा वर्ग रुसणार, ‘भयणी’ लिहिलं तर उरलेला निम्मा. आमचे चित्रकलेचे सर सावंतवाडीचे, त्यांना इथे नोकरी करायची होती. त्यांनी सगळ्याच चित्रांची नावं इंग्रजीत टाइप करून आणली. इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणजे भांडण नाही. माझ्या चित्राखाली आलं, ‘सेव्हन सिस्टर्स’.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रिन्सिपल सिस्टर हॉलमधून फेरी मारत आल्या आणि माझ्या चित्रासमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, आवडलं.

“ह्यो आमी?” त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. कॉलेजात सिस्टर सातच होत्या! मी शपथेवर सांगते, कधी मोजल्या नव्हत्या. त्यात वनस्पतिशास्त्राच्या सिस्टर अंगाने भरलेल्या, आणि चित्रातली डावीकडची देवीही नेमकी तशीच. मला हसू फुटलं. प्रिन्सिपलना फुटलं नाही.

मग मी घाईघाईने सगळी गोष्ट सांगितली. सिस्टर, ह्या तुम्ही नव्हे, ह्या देवी, आणि ही निळी ती सायबीण. आगीतून फोफाट्यात म्हणतात ते हेच. सिस्टरांची थट्टा त्यांनी एक वेळ पोटात घातली असती, देवाच्या आईची नाही.

“देवाच्या आवयक तुवें खंय बसयल्या गो?” त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “फाल्यां बिशपागेर सावन पाद्री येतलो.”

उद्या बिशपांकडून पाद्री येणार, म्हणजे दोनच वाटा. चित्र काढून टाकायचं, नाहीतर सातवी झाकायची. त्यांनीच ब्राऊन पेपर आणला, बेताचा कापला आणि सातवीवर टाचण्यांनी लावला. सहा बहिणी कागदाकडे बघून वेण्या घालत बसल्या.

घरी येऊन मी थयथयाट केला. उद्या जाऊन चित्र उतरवणार, नुसत्या सहा बहिणी टांगायला मी काही वेडी नाही! आई विळीवर बांगडे साफ करत होती. मला वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूने पेटेल.

“तिका विचारलंलंय?” तिने मान वर न करता विचारलं.

“कोणाला?”

“तिका. तोंड काडचे आदीं.”

आमच्यात देवाचा कौल घेतल्याशिवाय कुणी गोठासुद्धा बांधत नाही. मी न विचारता देवीचं तोंड काढलं, वर हसतं काढलं. “मगे झाकतलेच,” आई म्हणाली. सिस्टरचं तिला अगदी पटलं होतं. मी न जेवता झोपले.

सकाळी ती माझ्याआधी तयार. हातात तेलाची बाटली. म्हापशाला उतरल्यावर कॉलेजची वाट सोडून इगर्जीकडे वळली. मी आत गेले नाही, फाटकाशी उभी राहून धुमसत राहिले. देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कुठली पडते त्यावरून कौल घेतात, तिथे त्या कोण लावणार? आई बाहेर आली ती काही न बोलता झपाझपा चालायला लागली. प्रिन्सिपल हॉलच्या दारातच होत्या.

“सिस्टर, हांव तिका विचारून आयलंय,” आई म्हणाली. “येदो वारो, पूण मेणबत्ती विझली ना. कागद काडा म्हणटा.”

मी डोळे मिटले. आता अंधश्रद्धेवर व्याख्यान होणार आणि माझ्या आईचा अपमान होणार. व्याख्यान झालं नाही. सिस्टर दाराशेजारच्या बाकावर बसल्या. रात्रभर न झोपलेल्या माणसासारखे त्यांचे डोळे लाल होते.

“हांव काल सांजे सावन विचारतां,” त्या म्हणाल्या. “म्हाका कांयच सांगूंक ना.”

आई त्यांच्या शेजारी टेकली. “तुमी तिच्या घरचीं, सिस्टर. घरच्या माणसाक कोण जाप-जबाब दिता?”

मला खूप रडू येत होतं आणि मी ते खिडकीकडे तोंड करून गिळत होते. मग सिस्टर उठल्या, चित्रापाशी गेल्या आणि एकेक टाचणी काढू लागल्या. अंगणातलं ते हसू हळूहळू उघडं पडलं.

“आणि पाद्रींनी विचारलं तर?” मी विचारलं.

“विचारूं दी. सांगतां, तिणेंच सांगलां.” शेवटची टाचणी त्यांनी मुठीत धरली. “म्हाका न्हय. पूण सांगलां.”