वावरातला बस्ता

आमच्या कंपनीने मॉलच्या धंद्याचा इतिहास म्हणून एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक छापलं आहे. त्याची सुरुवात धाकट्या मालकांच्या परदेशवारीपासून होते. असू दे. मी तिथे होतो, म्हणून मला माहीत आहे की तो इतिहास आमच्या जुन्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर सुरू झाला.

जुनं दुकान भर पेठेत, तीन मजली. खाली शर्ट-पँटचं कापड, वर भांडी, खेळणी, तयार कपडे आणि मधल्या मजल्यावर साड्या. बाकी सगळीकडे काउंटर, साड्यांना मात्र गादी. मी विसाव्या वर्षी त्या गादीवर बसलो तो अठरा वर्षं उठलो नाही. माझं काम बस्त्याचं. लग्न ठरलं की घरची, भावकीची माणसं एकत्र येऊन सगळ्या मानकऱ्यांचे कपडे एकाच दुकानातून घेतात, तो बस्ता. धायरी, कात्रज, लोणी काळभोर, कुठून कुठून टेम्पो भरून माणसं यायची. जिन्यात चपला काढायची, गादीवर मांडी घालायची आणि सकाळी बसलेली संध्याकाळी उठायची. कोणती आत्या रुसली आहे, कोणाला हलकी साडी गेली तर ती पंगतीतून उठून जाईल, हे मला पाठ असायचं. घरी बायको म्हणायची, “स्वतःच्या मामेभावाचं नाव विसरता आणि कात्रजच्या कुणाच्या चुलतसासूचा आवडता रंग सांगता.” खरं होतं ते.

धाकट्या मालकांना मॉल बांधायचे होते. भांडवल होतं, नकाशे होते, टाय लावणारी दोन माणसं नेमली होती. जमीन तेवढी नव्हती. टायवाले गावोगाव जाऊन चहा पिऊन रिकाम्या हाताने परत यायचे. शेवटी एक दिवस मालक बूट काढून माझ्या शेजारी गादीवर येऊन बसले.

“अहो, ही सगळी आपलीच बस्त्याची गिऱ्हाइकं ना?”

“माझी,” मी म्हणालो.

ते हसले, आणि साड्या दाखवणारा माणूस जमिनी बघायला लागला.

धायरीच्या वाटेवरचं एक वावर सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. ते एका वहिनींचं होतं. यजमान वारलेले, पदरी एकुलती एक मुलगी, सातबारा त्यांच्या नावावर. बस्त्यात मी माझ्या हाताने काढलेला पहिला शालू त्यांचाच. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि मी इतका घाबरलेलो की घडी उलटी उघडली. त्या हसल्या नव्हत्या. पुढे प्रत्येक बस्त्याला आल्या की मला ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

त्यांनी माझ्यासाठी पडवीत सतरंजी टाकली. म्हणाल्या, “भाऊ, जमीन देते. पर एक अट हाय. माझ्या लेकीचा बस्ता या वावरात हुईल त्याच दुकानात झाला पायजे. गादीवर बसून. उभ्या उभ्या बस्ता होत न्हाय.”

“शब्द दिला, वहिनी.”

“कागदावर घ्या लिहून,” त्यांचे दीर म्हणाले.

“भाऊंचा शब्द हाय,” त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. करार चाळीस पानांचा झाला. गादी त्यात नव्हती.

आर्किटेक्ट मोठा सभ्य होता. नकाशावर बोट ठेवून मी त्याला विचारलं, “यात गादी कुठे?” त्याला वाटलं, मी दमलो आहे. त्याने मला खुर्ची दिली.

वहिनींच्या वावरात मॉल उभा राहिला. साड्या हँगरला टांगल्या. मी दर बैठकीत गादी मागायचो आणि मालक दर वेळी म्हणायचे, “पुढच्या मॉलमध्ये बघू.” असे तीन मॉल झाले. पेठेतलं दुकानही एव्हाना बंद झालं होतं आणि गादीचा कापूस कुठे गेला तेही मला कोणी सांगितलं नाही.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. लेकीचं ठरलं होतं, गुरुवारी बस्त्याला येत होत्या. मी पळत मालकांकडे गेलो. मधला चौक एक दिवसासाठी मागितला. त्या आठवड्यात तिथे एक मोटार मांडून ठेवली होती. “भावना समजते,” मालक म्हणाले, “पण गिऱ्हाईक बदललंय आता.” भावना समजते म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी बुधवारी राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. वहिनींना दारातच सांगायचं, मग तो वर नेऊन द्यायचा. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी टेम्पो दारात थांबला. मी पुढे झालो. “वहिनी, मी दिलेला शब्द...”

त्या ऐकतच नव्हत्या. मागे बघून ओरडत होत्या, “हळू उतरवा. वल्यात ठेवू नका.”

टेम्पोतून दोन गाद्या उतरल्या. मग धुतलेल्या पांढऱ्या चादरी.

“म्हैन्याखाली येऊन बघून गेले मी,” त्या म्हणाल्या. “तिन्ही मजले फिरले. बसायला तसूभर जागा न्हाय. तुम्ही पलीकडं कुणाशी तरी भांडत हुता.”

“मग हाक का नाही मारली?”

“हाक मारली असती तर तुम्हाला मान खाली घालावी लागली असती.”

मी साड्यांच्या विभागात शिरलो आणि हँगरच्या चार रांगा एकट्याने भिंतीला ढकलल्या. गाद्या पसरल्या. चाळीस माणसांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. रखवालदाराने मालकांना बोलावून आणलं. ते कडेला उभे राहिले आणि त्यांनी रखवालदाराला दारावर परत पाठवलं. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

“वावरातली इहीर हितंच हुती का गं?” वहिनींनी जावेला विचारलं, चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली आणि मला म्हणाल्या, “काढा कागद. यादी करू.”

जुन्या दुकानात गादीखाली याद्यांची वही असायची. इथे काहीच नव्हतं. मी खिशात हात घातला. एकच कागद होता. तो उलटा करून कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली, देवाचं वस्त्र. दुसरी, नवरीचा शालू. या वेळी शालूची घडी सरळ उघडली.

संध्याकाळी बस्ता बांधून झाला. यादी घरच्यांकडे राहते, तसा रिवाज आहे. वहिनींनी ती घेतली, उलटी केली, मागची बाजू सावकाश वाचली. मग चार घड्या घालून कमरेला खोचली.

“ही माझ्यापाशी राहू द्या,” त्या म्हणाल्या.

पुढे मी वयाप्रमाणे निवृत्त झालो. राजीनामा अजून त्यांच्याकडेच आहे.