नर्सबाईंच्या मोटरसायकलचा पंप

नर्सबाई निवृत्त झाल्या, पण मोटरसायकल काही सोडवेना. नोकरीची शेवटची पंधरा वर्षं त्या तिच्यावरूनच बाळंतिणींच्या घरी जात. ती घेतली तेव्हा कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेली मोटरसायकल दुर्मीळच होती. 'इंजेक्शनवाल्या बाईंना गाडीही इंजेक्शनवालीच,' असं लोक गमतीने म्हणत.

एका सकाळी गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की टाकीतून येणारी बारीक गुणगुणही नव्हती. मिस्त्रीने टाकीतला पेट्रोलचा पंप बाहेर काढून पाहिला आणि हात टेकले.

"पंप जळालाय. कंपनीने हा बनवणं कधीच बंद केलं. आता शोभेला ठेवा."

धाकट्या भावाने री ओढली. "ताई, तुझे गुडघेही कुरकुरतात. विकून टाक."

"गुडघे माझे कुरकुरतात, तिचे नाही," बाई म्हणाल्या आणि पंप रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

जुन्या मोटारींच्या भंगारवाल्याने विचारलं, "कुठल्या गाडीचा पाहिजे?"

"कुठलीही चालेल, जुळला म्हणजे झालं. रक्त देताना गट बघतात, देणाऱ्याचं आडनाव नाही."

एका जुन्या मोटारीचा पंप मापाला हुबेहूब निघाला. बाई खूश. गाडी सुरूही झाली, पण दवाखान्याच्या चढावर आचके देत बंद पडली. तो पंप कार्ब्युरेटरच्या मोटारीचा. त्याचा दाब इंजेक्शनला कसा पुरणार? मागे बसलेला भाऊ उतरून गाडी ढकलू लागला.

"मी मापाला भुलले," त्या घामेजल्या तोंडाने म्हणाल्या.

मग त्यांनी फक्त इंजेक्शनच्या मोटारी धुंडाळल्या. पाचव्या दिवशी एका चेपलेल्या मोटारीच्या मागच्या सीटखाली हवा तसा पंप मिळाला. दाब बरोबर, पण अंगाने बारीक. खोबणीत खुळखुळत होता. बाईंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायला घेतली, तसा मिस्त्री पुढे आला.

"ते रबर पेट्रोलमध्ये फुगतं. थांबा, माझ्याकडे पेट्रोलच्या नळीचा तुकडा आहे."

त्याने तो उभा चिरून पंपाभोवती घट्ट बसवला, जोडणी केली आणि दाबाचं मीटर लावलं. काटा हव्या त्या आकड्यावर जाऊन थांबला. मिस्त्रीने मीटरला टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही.

संध्याकाळी भाऊ मागे बसला आणि चढ लागताच बाईंचा खांदा धरून राहिला. गाडी एका दमात वर गेली.

"इथून पायी जाऊ का?" मागचं ढकलणं आठवून त्याने विचारलं.

"बस गुपचूप," ताई म्हणाली.

महिनाभराने तशाच गाडीचा एक मालक बाईंच्या दारात उभा राहिला. त्याला मिस्त्रीनेच पाठवलं होतं. त्याच्या गाडीचा तापमानाचा सेन्सर गेला होता. बाईंनी चष्मा लावला, सेन्सर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "चला, मोटारींच्या भंगारात बघू."