पत्रिकेच्या दुकानातली चोरीची सीडी

बसवकल्याणात एका अण्णांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. त्यांच्या एकुलत्या कॉम्प्युटरवरचं सगळं सॉफ्टवेअर चोरीच्या सीडीवरून आलेलं. मी तिथं कामाला होतो आणि त्यावरून अण्णांशी रोज भांडायचो.

"अण्णा, कंपनीचं चोरून कामून वापरायलाव? फुकट, खुलं सॉफ्टवेअर हाय की!"

"माझं पोट भरायलंय. तुझं तत्त्व काय खातंय?"

तरी हट्टानं एका रविवारी मी जुनं सगळं पुसून खुली सिस्टीम टाकलीच.

सोमवारी मंठाळचे एक अप्पा मुलीची पत्रिका न्यायला आले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. पहिली पत्रिका त्याच दिवशी खंडोबापुढं ठेवायची होती, त्याआधी गावात वाटता येत नव्हती. बस तासाभरात होती. छापायला मी फाईल उघडली, तर दोन्हीकडं नुसते चौकोन. अण्णांचे जुने फॉन्ट तिथं चालतच नव्हते.

"व्हईल न्हवं?" अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

अण्णांनी खणातली जुनी सीडी माझ्यापुढं सरकवली. चोरी ती चोरीच, हे मला तेव्हाही खरंच वाटत होतं. पण त्या बापासमोर ते तोंडातून निघेना. सीडी मी माझ्याच हातानं आत घातली. पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती आणि मी बसच्या हॉर्नकडं कान लावून बसलो होतो.