वनाच्या दारावर मिळालेले अठ्ठ्याऐंशी गुण

अभिमन नानांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हसायला शिकवण्यात आलं. जळगावात हायवेवरच्या हॉटेलात, थंडगार हॉलमध्ये, कंपनीच्या खर्चाने. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला काय विकलं होतं देव जाणे, पण शेतकऱ्याला ठिबकच्या नळ्या कशा विकाव्यात हे त्यांना तोंडपाठ होतं. दात दिसतील असं हसा. पहिल्या दोन मिनिटांत गिऱ्हाइकाचं नाव तीनदा घ्या. त्याच्या मनातलं बाहेर येईल असा प्रश्न विचारा. आणि पुढच्या भेटीचा वार ठरवल्याशिवाय उठू नका. नाना बावीस वर्षं पारोळा तालुक्यात नळ्याच विकत होते. त्यांना बाईंची कीव आली.

नानांची रीत साधी होती. शेतावर जायचं आणि नळीचं नावही काढायचं नाही. फिल्टरमध्ये गाळ साचला असेल तर आपल्या हाताने उघडून धुऊन द्यायचा. दुसऱ्या खेपेला कुठला व्हॉल्व्ह गळतो ते बघायचं. तिसऱ्या खेपेला शेतकरीच विचारायचा, "नाना, दोन एकरले कितली नळी लागी?" वना पाटलाच्या घरी तर त्याची आई ताईबाई नानांना चुलीपुढे बसवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

आता हे हितेंद्र साहेबांच्या तक्त्यात कुठे बसणार? साहेब नवे एरिया मॅनेजर, वय वर्षं एकतीस. मूळचे धरणगावचे, पण तीन वर्षं पुण्यात काय राहिले, तेव्हापासून त्यांना अहिराणी नुसती समजते, बोलता येत नाही. त्यांनी फर्मान काढलं की बाईंनी शिकवलेल्याची प्रत्येकाची परीक्षा शेतकऱ्यासमोर होईल. शंभरात साठ गुण हवेत, नाहीतर गोदामात बदली. मे महिन्यात त्या गोदामाच्या पत्र्याखाली कुत्रंसुद्धा बसत नाही. नानांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. उगाच शूरपणाचा आव कशाला आणा, नाना घाबरले होते.

परीक्षेसाठी वनाचं नाव नानांनीच दिलं. घरचंच घर, अडचण काय येणार? सोमवारी दोघे गावात पोचले, तर वनाच्या दारापुढे सतरंजी अंथरलेली आणि डोक्याला रुमाल बांधून माणसं गप्प बसलेली. ताईबाई शनिवारी गेली होती.

नानांनी साहेबांना गाडीपाशीच थांबवलं. "साहेब, दारावर नुसतं बसू आणि उठू. इथे रामराम करत नाहीत, निघताना 'येतो' म्हणत नाहीत. कामाचं तर नावच नको."

"नाना, उलट संबंध घट्ट करायची हीच वेळ आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही बोला, मी गुण देतो. आज नाही झालं तर शून्य लिहावं लागेल."

धरणगावात साहेबांच्या आजोबांच्या दारावरही माणसं अशीच बसली असतील. पण माणसाला विसरायचंच असलं तर आजोबासुद्धा आड येत नाहीत.

दोघे सतरंजीवर टेकले. वनाने एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात सगळं बोलून झालं होतं. बावीस वर्षांच्या ओळखीला त्याहून जास्त लागत नाही. पण साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि त्या आवाजासरशी नानांना गोदामाचे पत्रे दिसले.

नाना हसले. दात दाखवून हसले. "वनाभाऊ, वाईट झालं," ते म्हणाले. ज्याला जन्मभर नुसतं वना म्हटलं त्याला. "वनाभाऊ, आता पुढे काय विचार आहे? दोन एकर कपाशीचं काय करायचं, वनाभाऊ?"

एका म्हाताऱ्याने रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग नाना उठले आणि राहिलेला गुणही पदरात पाडून घेतला. "येतो. पुढच्या सोमवारी येतो."

दुखवट्याच्या दारात पुन्हा येतो म्हणणं म्हणजे त्या घराला दुसरं मरण चिंतणं, हे खानदेशातलं पोरसुद्धा जाणतं. नानांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गाडीत साहेबांनी अठ्ठ्याऐंशी गुण दिले आणि म्हणाले, "बघा, जमतं की तुम्हाला." महिनाअखेरीला ऑफिसच्या भिंतीवर नानांचा फोटो लागला, दात दिसणारा.

सांगितलेल्या सोमवारी जायची नानांची छाती झाली नाही. उत्तरकार्य उरकल्यावर ते एकटेच वनाच्या शेतावर गेले. सवयीने आधी फिल्टरकडे वळले, तर तो लख्ख धुतलेला. वना बांधावरून चालत आला. बस म्हणाला नाही, घरी चल म्हणाला नाही. आणि एरवी नानांशी अहिराणीशिवाय न बोलणारा वना स्वच्छ ऑफिसातल्या मराठीत बोलला, "दोन एकराची नळी लिहून घ्या."

नानांच्या हातात फॉर्म तसाच राहिला. "वना," ते म्हणाले, "मन्हं चुकनं रे."

"असू द्या, साहेब," वना म्हणाला. "सही कुठे करायची?"