पहिल्या दिवशीचा राजीनामा

माझ्या बायकोच्या मामांइतके राजीनामे दिलेला, आणि तरीही एकदाही नोकरी न गेलेला माणूस साऱ्या अमिरातीत शोधून सापडायचा नाही. मामा मूळचे वसईचे, दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, राहायला शारजात अल मजाजला. हॉटेलात नवा जनरल मॅनेजर आला की बाकीचे त्याच्या आवडीनिवडी शोधत फिरतात. मामा कडक इस्त्रीचा कोट घालून पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर राजीनामा ठेवतात. "त्याने मागायच्या आधी आपण द्यावा, जावईबापू. रिस्पेक्ट राहतो," हे त्यांचं शास्त्र. एका लेबनीज साहेबाने तर घाबरून त्यांना स्वतः कॉफी करून दिली आणि "हबीबी, व्हॉट डिड आय डू?" म्हणून विचारलं. चर्चमध्ये नवे फादर आले तेव्हा मामांनी गायनमंडळाचाही राजीनामा दिला, आणि त्यांचं गाणं ऐकलेल्या काही मंडळींनी तो स्वीकारावा म्हणून फादरना गुपचूप गळही घातली.

त्यांची एकुलती एक मुलगी शारजात वाढली, अमेरिकेत वकील झाली आणि तिथल्या केंद्र सरकारच्या एका जिल्ह्यातल्या मुख्य वकिलाच्या हाताखाली खटले चालवू लागली. नवा राष्ट्राध्यक्ष आला की देशभरच्या अशा मुख्य वकिलांनी खुर्ची सोडायची, हा तिकडचा रिवाज. तसा तिचाही साहेब गेला आणि मामांनी लगेच आखाती कायदा लावला: साहेब गेला की त्याची माणसं गेली, माणसं गेली की व्हिसा गेला. ती केव्हाच तिथली नागरिक झाली होती, पण ते त्यांच्या गळी कोण उतरवणार?

"तू पण देऊन टाक. फर्स्ट डेला. यल्ला, लवकर!" मामा फोनवर म्हणाले.

"डॅडी, ओन्ली द बॉस चेंजेस. वी स्टे."

"सगळे असंच बोलतात. मग एचआरचा फोन येतो."

या खेपेला हाताखालच्यांनाही नारळ मिळणार अशी कुजबुज होती, त्यामुळे पोरगीही मनातून धास्तावलेली. मामा मात्र ठाम. ती परत येणार हे त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं, तिची खोली रंगवून घेतली, नवा पलंग माझ्याकडून वर चढवून घेतला. "अहो, पोरीची नोकरी जावी म्हणून नवस केलाय की काय?" मामी करवादल्या.

नवा साहेब आला. त्याने तिला ठेवून तर घेतलंच, वर एक मोठा खटला सोपवला. मामांनी दुबईतल्या करामा बाजारातून मिठाई आणून मजल्यामजल्यावर वाटली. संध्याकाळी खाडीकाठी फिरताना मी त्यांना छेडलं, "काय मामा, तुमचं शास्त्र चुकलं की!"

ते मोठ्याने हसले. मग कठड्याला टेकून म्हणाले, "रिस्पेक्टसाठी नव्हतो हो सांगत तिला. दिला असता, तर घरी आली असती."

 पोरीच्या यशाने त्यांची छाती खरोखर फुगली होती, आणि तरी त्या क्षणी मला त्यांची फार माया आली. तिकडे आता सकाळ झाली असेल ना, असं विचारून त्यांनी फोन लावला. "बेटा, राजीनाम्याचं डोक्यातून काढून टाक," ते म्हणाले. "तिथेच राहा." मग ती बराच वेळ बोलत होती आणि मामा पाण्याकडे बघत नुसते हो-हो म्हणत होते.