हजेरीत नसलेली रुक्माबाई

पारोळ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून दोन किलोमीटर आत गेलं की गिरधरभाऊंचं कोंबड्यांचं शेड आहे. दिसायच्या आधी वास येतो. नव्या माणसाला मळमळतं, जुन्याला तो वास येईनासा होतो आणि भिका आबाला तर तो वास नसला की चुकल्यासारखं वाटतं. धुळ्याला लग्नाला गेला तरी जेवून हात धुतले की हा माणूस परतीची घाई करी. कोंबड्यांना पाणी सुटलं असेल की नाही, हा घोर त्याला मांडवातसुद्धा लागलेला असे.

या शेडवर माणसं जोडीनं ठेवतात. नवरा-बायको दोघं हवीत, कारण दाणा-पाणी, औषध, खत उपसणं हे पुरुषाचं आणि अंडी वेचणं, फुटकी वेगळी काढणं, ट्रे भरणं हे बाईचं. खोली एक, काम दोघांचं आणि हजेरीच्या रजिस्टरात नाव मात्र नवऱ्याचं. गिरधरभाऊ वाईट माणूस नव्हे. कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतःची गाडी काढणारा. पण कागदावर बाया नसलेल्या बऱ्या, असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं आणि त्यांनी ते आबाला शिकवलेलं. "बाहेरच्यानं विचारलं तर बाया शेडवर येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा." रजिस्टरात सहा नावं होती. शेडात रोज दहा माणसं राबत. दोन सडेफटिंग सोडले तर चार जोड्या, आणि त्यातली सगळ्यात जुनी जोडी भिका आबा आणि रुक्माबाईची.

रुक्माबाईचे हात बघण्यासारखे होते. एका हातात तीन अंडी घेऊन ती चालत राहायची आणि ट्रेमध्ये ती कधी ठेवली गेली हे बघणाऱ्याला कळायचं नाही. तोंड मात्र सतत चालू. कोंबड्यांशी, बायांशी, नाहीतर नवऱ्याशी. नवऱ्याला ती भिकाशेठ म्हणायची, कारण तो शेडमध्ये शेठासारखा हात मागे बांधून फिरतो असं तिचं म्हणणं.

शेडवर आणखी एक रीत होती आणि ती भिका आबानंच पाडलेली. इथे कुणी 'ताप' हा शब्द काढत नसे. कारण असं की नवापूरकडे कोंबड्यांचा रोग आला, त्या वर्षी आबा तिकडच्याच एका शेडवर होता. पांढरे झगे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, आणि त्यानं हातानं दाणा घातलेली हजारो पाखरं त्याच्या डोळ्यांदेखत पुरली गेली. नंतर सहा महिने त्याला कुणी कामावर उभं केलं नाही. तेव्हापासून त्यानं मनाशी धरलं होतं, की माणसाला ताप आला असं कळलं की साहेब लोक येतात आणि कोंबड्या जातात. म्हणून इथे ताप आलेला माणूस 'अंग मोडलंय' म्हणे आणि गोळी खाऊन कामाला लागे. सगळ्यांना ते अंगवळणी पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये समीक्षा ताई निळा डबा घेऊन आली. ती आरोग्य केंद्राची सेविका, स्कूटीवर गावोगाव फिरणारी, बोलायला मोकळी. शेडवर काम करणाऱ्या माणसांना फ्लूची लस द्यायची असं तिच्या केंद्रानं ठरवलं होतं.

"कोंबड्यांच्या रोगाची का?" आबानं विचारलं.

"नाही आबा. ही माणसाच्या नेहमीच्या फ्लूची. पावसाळ्यात येतो ना दरवर्षी, तोच."

सगळे हसले. सर्दीखोकल्यासाठी सुई? आणि ती आम्हालाच का, गावाला का नाही?

समीक्षा हसली नाही. बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि सांगू लागली. कोंबडीचा फ्लू माणसाला सहसा लागत नाही. लागला तरी एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा जात नाही. माणसाचा फ्लू मात्र झपाट्यानं पसरतो. आता एखाद्या माणसाला दोन्ही एकाच वेळी झाले, तर ते दोघं एकाच अंगात भेटतात आणि त्यांची सरमिसळ होऊन तिसराच निघू शकतो. तो कोंबडीच्या फ्लूसारखा जिवावरचा आणि माणसाच्या फ्लूसारखा पळणारा. तो जगात कुणीच बघितलेला नसतो, म्हणून कुणाच्याच अंगात त्याच्याशी लढायची ताकद नसते. "तो निघालाच तर ही लस त्याला अडवणार नाही, खोटं कशाला सांगू. पण दोघांची भेट व्हायची शक्यता ती कमी करते. आणि अशी भेट जगात कुठे होणार असेल तर ती तुमच्यासारख्यांच्याच अंगात. म्हणून तुम्ही आधी."

बाकीच्यांच्या ते डोक्यावरून गेलं. आबाला मात्र पटलं. एकदा गावठी कोंबडा कुठून तरी शेडमागच्या पांढऱ्या कोंबड्यांत शिरला होता. रुक्माबाईनं हौसेनं ती अंडी उबवली, तर पिल्लं निघाली ती ना आईसारखी ना बापासारखी आणि सगळ्यांना चोची मारत सुटली. आबानं ती गोष्ट सांगितली आणि समीक्षा म्हणाली, "आबा, तुम्हीच शिकवा आता सगळ्यांना."

गिरधरभाऊंनी रजिस्टर आणून दिलं आणि तिथेच उभे राहिले. समीक्षानं सहा नावं वाचली. पहिला दंड आबानं पुढे केला, मग बाकीचे आले. सहा सुया झाल्या. तिनं डब्यात बघितलं आणि विचारलं, "शेडमध्ये आणखी कोणी काम करतं का? दोन जास्तीच्या आहेत माझ्याकडे."

आबाच्या पाठीमागे दहा पावलांवर रुक्माबाई ट्रे घेऊन उभी होती. गिरधरभाऊ रजिस्टर मिटत होते. कुणी आबाला गप्प राहा म्हटलं नाही, डोळासुद्धा वटारला नाही. आबा आपण होऊन म्हणाला, "कोनी नही, ताई."

समीक्षानं रुक्माबाईकडे बघितलं. "या मावशी?"

"मनी बायको. जेवणना डबा दिवाले उनी."

दोन लशी निळ्या डब्यातून परत गेल्या.

संध्याकाळी भाकरी थापताना रुक्माबाईनं त्याला चांगलंच धरलं. "भिकाशेठ, डबा दिवाले उनी का मी? बठ्ठा दिस अंडा कोन येचस मंग?" आणि तव्यावरची भाकरी उलटत हसून म्हणाली, "मी कोनीच नही का?"

आबाही हसला. त्या हसण्याची त्याला आता लाज वाटते.

ऑगस्टच्या शेवटी रुक्माबाईला खोकला लागला. जळगावजवळ पिंप्राळ्याला दिलेल्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि बाळासाठी शिवायला घेतलेली गोधडी मांडीवर घेऊन ती दोन रात्री नुसती बसून होती, आडवं पडलं की दम लागे. अंग तव्यासारखं भाजत होतं. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "ताप नही वो, आंग मोडनं." नवऱ्यानं शिकवलेलं ती शेवटपर्यंत इमानानं बोलली. आबानं गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा गिरधरभाऊंनीच गाडी काढली आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काम करतात या?"

आबा म्हणाला, "कोंबड्यांमध्ये. वीस वर्षांपासून." हे तो पहिल्यांदाच कुणापुढे बोलला आणि बोलायला अडीच महिने उशीर झाला होता.

पुढे सगळं त्याच्या हाताबाहेर गेलं. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. नमुना पुण्याला गेला. शेडवर पशुसंवर्धनची माणसं आली, कोंबड्यांचे नमुने घेतले आणि फाटकाला दोरी बांधली. गावात बातमी पसरली की कोंबडीचा रोग माणसात आला. दुकानदार शेडवरच्या बायांना लांबूनच सामान ठेवून जायला लागला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, अहवाल यायच्या आधी, रुक्माबाई गेली. आबाला काचेतून दाखवली. तिचे हात चादरीच्या आत होते, ते त्याला दिसले नाहीत.

वस्तीवर बौद्धाचार्य आले, त्यांनी तोंडाला फडकं बांधून लांबून त्रिशरण म्हटलं. खांद्याला शेडवरचेच तिघे आणि आबा. वीस वर्षं जिच्या हातची अंडी गावानं खाल्ली, तिच्या मागे गावातलं एकही माणूस चाललं नाही. लेकीला नववा महिना, तिला जळगावहून येऊच दिलं नाही.

दोन दिवसांनी अहवाल आला. कोंबड्या ठीक होत्या. रुक्माबाईला कोंबडीचा रोग नव्हता, तिला साधा फ्लू झाला होता. नेहमीचा, पावसाळ्यातला. फाटकाची दोरी सुटली. गिरधरभाऊंच्या जिवात जीव आला, दुकानदाराचा चेहरा उजळला, आणि पुण्यानुमोदनाला अख्खं गाव लोटलं. जो तो आबाचा हात धरून सांगत होता, "साधाच निघाला ना आबा, सुटलो." लोकांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, भीती गेली की माणूस हसतोच. पण त्या घोळक्यात एकट्या आबाला कळत होतं की साध्याचीच तर सुई होती. कोंबडीच्या रोगानं गेली असती तर त्याला निदान नशिबाला बोल लावता आला असता.

सगळे गेल्यावर समीक्षा थांबली. आबानं तिला एकच विचारलं, "त्या दिवशी तिले सुई दिधी असती, तर वाचती का?"

समीक्षा खोटं बोलणारी नव्हती. "नक्की सांगता येत नाही, आबा. लस घेऊनही काहींना होतो. पण बहुतेकांचा इतका वाढत नाही." मग म्हणाली, "लवकर आणलं असतं तर औषधही होतं."

"म्हंजे दोनदा," आबा म्हणाला. एकदा नाव लपवलं आणि एकदा ताप. दोन्ही त्याच्याच तोंडून शेडवर आलेलं. समीक्षा त्याच्या शेजारी बसून राहिली.

नातू झाला. अर्धी शिवलेली गोधडी आबा पिंप्राळ्याला देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. जोडी मोडली तरी गिरधरभाऊंनी त्याला ठेवून घेतलं. अंडी वेचायला एकजण कमी, म्हणून संध्याकाळी आबाच ट्रे घेऊन निघे. त्याच्या हातून फुटत. तीन अंडी एका हातात त्याला काही केल्या जमली नाहीत. आणि एक केलं, शेडवर कुणी 'अंग मोडलंय' म्हटलं की तो ओरडून विचारी, "ताप शे का? ताप शे का सांग!" नवीन माणसांना वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

पुढच्या जूनमध्ये समीक्षा पुन्हा आली. तीच बादली, तोच निळा डबा. गिरधरभाऊंनी रजिस्टर आणलं, त्यात तीच सहा नावं. सहा सुया झाल्या. तिनं मान वर केली आणि गेल्या वर्षीचाच प्रश्न विचारला.

"आणखी कोणी?"

गिरधरभाऊ रजिस्टर मिटायला लागले होते. आबानं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. मालकाच्या हातातली वस्तू त्यानं आयुष्यात कधी ओढली नव्हती.

"शे," तो म्हणाला. मग शेडच्या दाराशी जाऊन त्यानं हाका मारल्या. "सपना! वनानी बायको! जीवराम, तुनी घरवालीले बलाव!" तिघी पदराला हात पुसत बाहेर आल्या, घाबरलेल्या, एकमेकींच्या आड उभ्या राहिल्या. आबानं रजिस्टर समीक्षाच्या मांडीवर उघडं ठेवलं. "पहिले नाव लिखा. मंग सुई."

समीक्षानं गिरधरभाऊंकडे बघितलं. भाऊ खाली बघत होते. मग खिशातलं पेन काढून त्यांनीच तिच्यापुढे धरलं.

तिघींची नावं लिहून झाली. सुया झाल्या. समीक्षानं रजिस्टर आबापुढे धरलं. "तीनच बाया ना, आबा?"

आबा शेडच्या दाराकडे बघत होता. तिथे आता कुणी उभं नव्हतं.

"आते तीनच," तो म्हणाला. "चार व्हत्यात."